मुक्कामी कॅम्पला मुलीला पाठवू का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्र करतेय. पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा सहा दिवसांचा मुक्कामी कॅम्प आहे, रत्नागिरीकडे समुद्रकिनारी. फी आहे, काळजीही वाटते. ह्यांचं म्हणणं असं की एका दिवसात गाडीने जाऊन बघून येता येईल, आणि हल्ली व्हिडिओत सगळं दिसतं. मुक्काम खरंच लागतो का? आणि पाठवायचं तर काय बघून पाठवू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, मुक्काम लागतोच, आणि त्याचं कारण समुद्रच आहे. आपल्या किनाऱ्यावर कोळी लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. आता पुण्याहून रात्री निघालेली गाडी आरामात चहा-नाश्ता करून अकराला किनाऱ्यावर पोचली तर जे खडक बघायचेत ते सगळे पाण्याखाली! त्यात ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे तिथे राहणाराच ती धरू शकतो.

मी स्वतः विद्यार्थी असताना असाच एक कॅम्प केलाय म्हणून एक गोष्ट सांगते. खडकातल्या एका डबक्यातलं पाणी आम्ही पहाटे आणि संध्याकाळी तपासायचो, त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती ते बघायला. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड ही दोन रसायनं घालायची, मग ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद, अजिबात नसेल तर पांढराच राहतो. संध्याकाळचा साका चांगला गडद आला, कारण दिवसभर शेवाळाने उन्हात ऑक्सिजन सोडलेला, आणि रात्रभर शेवाळ, खेकडे, गोगलगायी सगळे नुसता श्वास घेत असतात म्हणून पहाटेचा फिकट यायला हवा होता. पण आमचा पहिल्या पहाटेचा जवळजवळ तेवढाच गडद! सरांनी बाटली उजेडात धरली तर बुचाखाली हवेचा बुडबुडा, म्हणजे त्या हवेतला ऑक्सिजनही मोजला गेलेला. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, म्हणाले उद्या पहाटे परत भरा. दुसऱ्या दिवशी चार वेळा बघून बुच लावलं आणि साका फिकट आला, तो रंग मला अजून आठवतो. एक दिवसाच्या सहलीत ते चुकीचं रीडिंगच वहीत गेलं असतं आणि आम्ही त्यावर निष्कर्षही लिहिला असता.

व्हिडिओ वाईट नाहीत, जायच्या आधी जरूर बघू देत. पण दोरी टाकून, चौकट ठेवून, वाकून वाकून शिंपले मोजताना कळतं की वरच्या खडकावर बारीक गोगलगायी, खाली कालवं, त्याच्या खाली शेवाळ, असे पट्टे का पडतात. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो त्यावरही ते असतं. आणि शेजारी कालवं काढायला आलेल्या बायका असतात, त्यांना कुठल्या खडकावर काय मिळतं हे पाठ असतं, त्यांच्याशी बोलायला तरी सवड हवी ना.

आता काळजीचं. ती रास्तच आहे, कॉलेजला सरळ फोन करा आणि विचारा की सोबत किती शिक्षक, त्यात बाई कोण, मुलींची राहायची सोय वेगळी आहे का, खडकांवर जाताना गावातला जाणकार माणूस बरोबर असतो का, भरती सुरू झाली की परत फिरायचं कोण सांगणार, जवळचा दवाखाना किती लांब. स्पष्ट उत्तरं मिळाली नाहीत तर लेखी मागा, ते मागण्यात काहीच गैर नाही. फीची अडचण असेल तर विभागप्रमुखांशी तिने आधीच बोलावं, हप्ते किंवा सवलत मिळते का ते विचारावं, गप्प राहून नाव काढून घेऊ नये.

सामानात घट्ट ग्रिपचे बूट द्या, चप्पल किंवा सँडल अजिबात नको, शेवाळावर पाय सरकतो आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. वहीसाठी पेन नको, पेन्सिल द्या, ओल्या कागदावर शाई पसरते. टोपी, पाण्याची बाटली, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि टॉर्चला जादा सेल, कारण पहाटे पाचला ती पाण्याकडे चालत निघेल तेव्हा अजून अंधारच असेल.