चौकटीवरची मातीची रेघ पुसू नका, आधी दाखवा

पाऊस तोंडावर आला की वाळवीचे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी पाच जणांना एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे, सकाळी खाली पंखांचा खच. मुंग्या की वाळवी?

चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. बाहेरून दिव्याला आली असेल तर घाबरू नका, पण घरातल्या चौकटीतून निघताना दिसली तर त्याच आठवड्यात माणूस बोलवा.

प्रश्न: सागाला वाळवी लागत नाही ना?

गाभ्याला सहसा नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला नक्की लागते.

प्रश्न: आम्ही मुंबईत, संगमेश्वरकडचं घर वर्षभर बंद. गणपतीला उघडलं की चौकटीवर मातीची रेघ असते. दरवर्षी पुसून रॉकेल मारतो, तरी परत येते.

दादा, येणारच. ती रेघ म्हणजे वाळवीचा रस्ता. तिचं अंग नाजूक, उघड्या हवेत सुकून मरते, म्हणून माती आणि लाळेचा बोगदा करत ती जमिनीतून वर चढते. तुमच्या रॉकेलने चौकटीवरच्या मेल्या, पण राणी आणि बाकी सगळी फौज जमिनीत तशीच आहे, ती दुसरीकडून वाट काढते, कधी भिंतीच्या आतूनच, मग रेघ दिसत नाही आणि लोक म्हणतात 'गेली'! अशाच एका बंद घरातली चौकट मी अंगठ्याने दाबली, वरचा ऑइलपेंट अगदी चकचकीत आणि अंगठा पापड मोडावा तसा आत गेला, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला, आत नुसती ओली माती. ते लोकही तीन वर्षं रेघ पुसत होते.

तेव्हा पुसायच्या आधी फोटो काढा, रेघ कुठून सुरू होते ते बघू द्या. बांधून झालेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण ३० सेंमीवर १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर औषध सोडतात, आयएस ६३१३ या वाळवीच्या बंदोबस्ताच्या भारतीय मानकात हेच दिलंय. पण जांभ्याची भिंत मातीत बांधलेली असेल तर आत पोकळ्या असतात, औषध भलतीकडे जातं, आणि विहीर घराला लागून असेल तर ते पहिल्यांदा सांगा, जागा बघितल्याशिवाय कुठलं औषध ते मी सांगणार नाही. तोवर पडवीत भिंतीला टेकवलेली लाकडं आणि नारळाची सोडणं हलवा, पागोळ्यांचं पाणी जोत्यात मुरत असेल तर पन्हळ लावा, ओल तिला हवीच असते. गावात कुणालातरी चावी देऊन महिन्यातून एकदा घर उघडायला सांगा, गणपतीची वाट बघू नका.

प्रश्न: एकजण हर्बल, बिनवासाचं औषध आणि १० वर्षांची गॅरंटी देतोय. घेऊ का?

बिनवासाचं औषध असतं, इमिडाक्लोप्रिडला वास जवळजवळ येत नाही. पण 'हर्बल' म्हणून औषधाचं नावच सांगत नसेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा. खरी लबाडी पाण्यात होते ताई. ३०.५ टक्केवालं इमिडाक्लोप्रिड पाणी घालून ०.०७५ टक्क्यांवर आणायचं तर लिटरला साधारण २ मिली लागतं, ते अर्धं करून मारलं तरी तुम्हाला कळणार नाही. सीलबंद बाटली समोर फोडायला लावा, भोकं मोजा, औषधाचं नाव, प्रमाण आणि परत तपासायला कधी येणार ते बिलावर लिहून घ्या. आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर किती वेळ बाहेर राहायचं ते आधीच विचारा.

प्रश्न: सोफ्याखाली रोज भुगा पडतो, वाळवीचं ड्रिलिंग करून घेऊ का?

थांबा, पैसे वाया जातील. काळ्या कागदावर भुगा घेऊन बघा. पिठासारखा मऊ आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर ती भुंगेऱ्याची अळी. खसखशीसारखे कडक दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी, तिला जमिनीशी देणंघेणं नसतं. दोन्हीत इलाज सोफ्यावरच करायचा, फरशीवर नाही. चिमूटभर भुगा पुडीत बांधून जाणत्या माणसाला दाखवा, आणि तोवर सोफा लाकडी कपाटापासून लांब ठेवा.