मुलगी फिल्टरशिवाय फोटो काढू देत नाही, तर फोन काढून घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, सिंहगड रोडला राहता. दिवाळीपासून तिच्याकडे इन्स्टाग्राम आहे. आता फिल्टरशिवाय फोटो काढू देत नाही. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत "मी किती जाड दिसते" म्हणून रडली आणि मैत्रिणींना तो स्टोरीवरून काढायला लावला. हल्ली डबाही अर्धा परत येतो. फोन काढून घ्यावा का?

फोन एकदम काढून घेऊ नका. पण त्याआधी डब्याचं बोलू. तुम्ही तो शेवटी जाता जाता लिहिलाय, मी तो पहिला धरेन.

डबा परत येण्याची साधी कारणंही असतात. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात निम्मा वेळ पाण्याच्या रांगेत जातो. कधी भाजी आवडत नाही, कधी मैत्रिणीच्या डब्यातलं जास्त आवडतं. म्हणून दोन आठवडे काहीही न बोलता फक्त बघा. घरी जेवायला बसते का, की "मी क्लासमध्ये खाल्लं" असं सारखं ऐकू येतंय? आधी भात सोडला, मग पोळी, मग तेल, असं एकेक कमी होतंय का? जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते का? चक्कर येणं, सारखी थंडी वाजणं, केस गळणं आहे का? पाळी सुरू झाली असेल आणि सलग तीन महिने आली नसेल, तर वाट बघू नका. यांतलं काहीही दिसलं तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन उंची-वजन मागच्या नोंदींशी ताडून घ्या. या वयात वजन वाढायलाच हवं, त्यामुळे ते नुसतं थांबलं तरी डॉक्टर त्याची दखल घेतात. घरात रोज काट्यावर उभं करू नका. ज्या मुलीच्या डोक्यात वजन बसलंय, तिच्यापुढे आपण रोज तोच आकडा ठेवत बसू.

आता फोटो. फिल्टर न लावता काढलेला फोटो म्हणजे आपला खरा चेहरा, असं मुलींना वाटतं, आणि आईबाबाही "तू आहेस तशीच छान आहेस" म्हणत तेच गृहीत धरतात. ते खरं नाही. हे पटवायला भाषण लागत नाही, शिवणाची टेप पुरते. दिवसा खिडकीकडे तोंड करून तिला उभी करा. नाकापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे हातात फोन धरतो साधारण तितक्या अंतरावर, समोरच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढा. मग टेप पूर्ण उलगडा. ती बरोबर १५० सेंटिमीटर भरते. तिथून मागच्या कॅमेऱ्याने दुसरा फोटो काढा आणि दोन्ही चेहरे सारख्या आकाराचे दिसतील असे कापून शेजारी ठेवा. पहिल्यात नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतील. कारण सरळ आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा लेन्सच्या दहा-बारा सेंटिमीटर जवळ असतं. अंतर तीसच सेंटिमीटर असेल तर तो फरक प्रचंड, दीड मीटरवर नगण्य. २०१८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात याचं गणित आलं होतं. एक फुटावरच्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. मग फिल्टर नाक बारीक करतो आणि मुलीला वाटतं, त्याने आपली खोड झाकली. खोड कॅमेऱ्याची होती.

आणखी एक गंमत आहे. सेल्फी काढताना स्क्रीनवर आरशातल्यासारखी प्रतिमा दिसते, पण बऱ्याच फोनमध्ये फोटो जतन होतो तो सरळ. भांग एकदम दुसरीकडे जातो आणि रोज आरशात पाहिलेला चेहरा वाकडा वाटायला लागतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. तिथेच ब्यूटी मोडही असतो. अनेक फोनमध्ये तो आधीपासूनच चालू येतो आणि कुणी न विचारता त्वचा गुळगुळीत करून रंग उजळवतो. त्याची पट्टी शून्यावर आणा. इन्स्टाग्रामवरचे बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर त्याची मालक कंपनी मेटाने १४ जानेवारी २०२५ पासून बंद केले, पण त्यांचे स्वतःचे आणि दुसऱ्या ॲपमधले आहेतच, त्यामुळे फिल्टर गेले असं समजू नका. त्यावर बंदी घालण्यापेक्षा एकच फोटो फिल्टरसह आणि फिल्टरविना काढून, त्याने नेमकं काय केलं ते तिलाच शोधू द्या. जबडा आत घेतला, डोळे मोठे केले, रंग दोन छटा उजळ केला, हे एकदा पकडता आलं की दुसऱ्यांच्या फोटोतही दिसायला लागतं.

आता दुसऱ्यांचे फोटो. नटीचे फोटो बघून मुली खचतात, असं पालकांना वाटतं. नटीकडे स्टायलिस्ट असते, हे आठवीतल्या मुलीला चांगलं ठाऊक असतं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसांशी ताडून बघतो. म्हणजे शेजारच्या तुकडीतली, त्याच क्लासला येणारी, त्याच रिक्षातून जाणारी मुलगी. गणपतीत तिने नऊवारीतला फोटो टाकला आणि त्याला दोनशे लाइक आले, आपल्याला साठ. हे कायमचं जाहीर राहतं आणि उद्या वर्गात सगळ्यांना माहीत असतं. त्या एका फोटोआधी काढलेले चाळीस फोटो मात्र कुणाला दिसत नाहीत.

म्हणून तास मोजण्याआधी ती त्या वेळात काय करते ते पाहा. मैत्रिणीशी गप्पा मारणं, चित्रकलेचे व्हिडिओ बघणं आणि ओळखीच्या मुलींचे प्रोफाइल एकामागून एक चाळत बसणं, या तिन्हींचा परिणाम सारखा नसतो. तिसऱ्याची खूण ओळखता येते. फोन ठेवल्यावर लगेच आरशाकडे जाते, कपडे बदलते, किंवा स्वतःचा जुना फोटो काढून टाकते.

संशोधनाबद्दल सरळ सांगते, कारण यावर दोन्ही बाजूंनी फार आरडाओरडा होतो. २०२१ मध्ये फेसबुकचे, म्हणजे आजच्या मेटाचे, अंतर्गत कागद बाहेर आले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. बातम्यांत हा आकडा बऱ्याचदा सगळ्या मुलींचा असल्यासारखा आला. तो फक्त आधीच वाईट वाटत असलेल्या मुलींचा आहे. उलट २०१९ मध्ये ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की या संशोधकांनी लाखो मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जुळतो, असं त्यांना दिसलं. सरासरी छोटीच आहे. पण सरासरीत सगळ्या वयाची मुलं आणि मुली येतात. त्याच ऑर्बेन यांच्या २०२२ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात मुलींसाठी सर्वांत नाजूक काळ ११ ते १३ वर्षांचा निघाला, मुलग्यांसाठी १४-१५ चा. तुमची मुलगी नेमकी त्या टप्प्याच्या टोकाला आहे. शरीर बदलतंय आणि हातात कॅमेरा आहे.

यावरून काय करायचं? आधी तिच्या खात्यातली जन्मतारीख बघा. बऱ्याच मुलींनी खातं उघडताना खोटं वर्ष टाकलेलं असतं आणि इन्स्टाग्राम त्यांना वीस-बावीस वर्षांच्या समजतं. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात आलेली किशोरवयीन खात्याची बंधनं मग त्यांना लागूच होत नाहीत. त्यात खातं आपोआप खाजगी होतं, साठ मिनिटांनी थांबण्याची आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. तारीख अकाउंट्स सेंटरमध्ये वैयक्तिक माहितीत दुरुस्त करता येते. हे तिच्यासमोर बसून करा, मागून नको. पालक म्हणून खातं जोडलंत तर गेल्या सात दिवसांत ती कुणाशी बोलली हे दिसतं, काय बोलली हे दिसत नाही. तेवढंच पुरेसं आहे.

मग तिच्यापुढे काय येतं ते साफ करा. सेटिंग्जमध्ये कंटेंट प्रेफरन्सेस, त्यात सुचवलेला मजकूर रीसेट करायचा पर्याय आहे. नुसतं रीसेट करून सोडलं तर आठवड्याभरात परत तेच दिसायला लागतं, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. ॲप मुख्यतः बघतं ते रीलवर किती वेळ थांबलात ते, आवडलं की राग आला हे त्याला कळत नाही. "किती बारीक आहे ही!" म्हणून पाच सेकंद थांबलात, तरी त्याच्या लेखी ती आवडच. म्हणून रीसेटनंतर आठ-दहा दिवस ती नाच, मांजरं, मेंदी, क्रिकेट, जे काही आवडतं ते मुद्दाम शोधेल आणि डाएटची, "दिवसभरात मी काय खाते" छापाची रील आली की दाबून धरून "नॉट इंटरेस्टेड" करेल. कंटेंट प्रेफरन्सेसमध्येच शब्द लपवायची सोय आहे. तिथे वेट लॉस, कॅलरी, फेअरनेस, ग्लो अप हे शब्द इंग्रजीत आणि देवनागरीत दोन्हीकडे टाका. लाइकचे आकडेही लपवता येतात, २०२१ पासून ती सोय आहे. मात्र तिने स्वतःहून हो म्हटलं तरच लपवा, नाहीतर ती मैत्रिणीच्या फोनवर जाऊन मोजेल.

निनावी प्रश्न घेणारी ॲप मात्र सरळ काढा. एनजीएल नावाच्या ॲपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला होता की कंपनी स्वतःच खोटे निनावी संदेश पाठवते आणि पाठवणाऱ्याचं नाव कळवण्याचे पैसे घेते. जुलै २०२४ मध्ये ५० लाख डॉलरची तडजोड झाली आणि अठराच्या आतल्यांना ते ॲप देऊ नये असं ठरलं. "तुझ्याबद्दल वर्गात काय बोलतात माहितीये का" हा संदेश एका यंत्राने पाठवलेला असू शकतो, एवढं मुलीला सांगितलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो.

वेळेचं म्हणाल तर एक उपयोगी आकडा आहे. २०२३ मध्ये कॅनडात १७ ते २५ वर्षांच्या २२० जणांवर प्रयोग झाला. ज्यांनी तीन आठवडे सोशल मीडियाचा वापर दिवसाला एका तासावर आणला, त्यांचं स्वतःच्या दिसण्याबद्दलचं मत सुधारलं. पूर्ण बंदी लागली नाही. तुमची मुलगी त्यांच्याहून लहान आहे, तरी तीन आठवडे एक तास हा करार तिच्याशी करून बघता येईल. रात्री दहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आईबाबांचेही. सकाळी सहाला उठायचं असेल तर या वयाची आठ ते दहा तासांची झोप तशीही जेमतेम होते.

एकदम काढून घेऊ नका म्हटलं ते यासाठी: वर्गाचं सगळं बोलणं फोनवर चालतं. फोन गेला की दुसरं खातं मैत्रिणीच्या फोनवर उघडतं, आणि कुणी काही वाईट पाठवलं तर ती तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगितलं की फोन जातो हे तिने पाहिलेलं असतं.

आता थोडं घराबद्दल, राग मानू नका. आपल्याकडे रंगाचं वेड इन्स्टाग्रामने आणलेलं नाही. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. मधली पंचेचाळीस वर्षं मावशा, आत्या, काकवा होत्याच. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील", "यंदा अंगाने सुटलीस गं". आणि सिंहगडावर फोटो काढल्यावर आपण स्वतःच म्हणतो, "ई, माझं पोट बघ, डिलीट कर हा." मुलीने नेमकं तेच केलंय, फक्त गॅदरिंगच्या फोटोबाबत. एक महिना घरात कुणाच्याही शरीरावर बोलायचं नाही, कौतुकही नाही. "बारीक झालीस, छान दिसतेस" यातही माप तेच आहे. आजीला हे समजावणं सर्वांत अवघड जातं. आजीला नियम सांगू नका, "तिच्या अभ्यासाचं विचारा" असं दुसरं काम द्या.

महिना-दीड महिन्याने काहीच फरक नसेल, किंवा ती शाळेत जायचं टाळायला लागली, स्वतःला इजा केलेली दिसली, "मी नसते तर बरं झालं असतं" असं म्हणाली, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शाळेत समुपदेशक असतील तर आधी त्यांना एकट्याने भेटा. मुलीला वर्गातून बोलावणं धाडू नका म्हणून त्यांना सांगा, वर्गभर बातमी होते.

आणि तो गॅदरिंगचा फोटो पुन्हा बघा. ती रांगेच्या टोकाला उभी आहे का? सगळे मावावेत म्हणून ग्रुप फोटो हल्ली बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या ०.५ या झूमवर काढतात, आणि ती रुंद लेन्स कडेच्या माणसांना आडवं ताणते. मधली मुलगी बारीक आणि टोकाची रुंद दिसते, मग ती कुणीही असो. पुढच्या वेळी पाच-सहा पावलं मागे जाऊन १ वर फोटो काढायला सांगा. तिला आत्ताच खात्री करायची असेल तर घरातल्या तिघांना सोफ्यावर बसवून ०.५ वर एक फोटो काढा, मग टोकाच्या माणसाला मध्ये बसवून दुसरा.