वाचकांचे प्रश्न : नवागताच्या लेखावर शेरा कसा द्यावा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली चार वर्षे मराठी विकिपीडियावर संपादन करते. नवे सदस्य उत्साहाने येतात, एखाद-दुसरा लेख लिहितात आणि दिसेनासे होतात. त्यांच्या लेखनावर आम्ही दिलेले शेरे बहुधा तुटक आणि कधी कडवटही असतात. माझेही त्याला अपवाद नाहीत. ज्ञानकोशाचा दर्जाही राखावा आणि माणूसही टिकावा, हे कसे साधावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण स्वतःच्या शेऱ्यांकडेही पाहिलेत, म्हणून मोकळेपणाने लिहितो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज तेथे नव्वद हजारांहून अधिक लेख असले, तरी नियमितपणे लिहिणारे हात फार थोडे आहेत. अलीकडील बदल तपासण्याचा भार मोजक्या सदस्यांवर पडतो आणि मग ‘संदर्भ नाही’, ‘गौरवपर’, ‘काढले’ असे शेरे सवयीने उमटत जातात. ही घाई समजण्याजोगी असली तरी तिची किंमत नवा माणूस मोजतो. इंग्लिश विकिपीडियातील सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर होती आणि त्यानंतर ती अनेक वर्षे घटत गेली. या घसरणीच्या अभ्यासकांना असे आढळले, की सद्हेतूने आलेल्या नवागतांचेही पहिले बदल उलटवले जाण्याचे आणि त्यांना व्यक्तिगत उत्तराऐवजी ठरावीक साच्यातला इशारा मिळण्याचे प्रमाण वाढले होते, आणि अशी माणसे पुढे टिकत नव्हती. हजारो संपादक असलेल्या प्रकल्पाला जे जड गेले, ते आपल्यासारख्या लहान समूहाला कसे परवडावे?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. नवा सदस्य आपल्या गावाविषयी लिहितो : ‘आमचे गाव अतिशय निसर्गरम्य असून येथील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत. ग्रामदैवताची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते.’ जुना संपादक दोन्ही वाक्ये उडवतो, किंवा पानावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान वगळण्याची तयार सूचना, लावून पुढे जातो. वास्तविक दुसऱ्या वाक्यात ज्ञानकोशाला हवी असलेली माहिती आहे, आणि ती त्या गावच्या माणसाशिवाय कोण आणून देणार? माझ्या मते येथे असा शेरा हवा : ‘नमस्कार. यात्रेचे वाक्य ठेवले आहे. त्याला वृत्तपत्रातील बातमीचा किंवा जिल्हा गॅझेटियरचा आधार जोडता येईल का? पहिल्या वाक्यात आपले मत आले आहे, म्हणून ते वगळले. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मिळेल. संदर्भ जोडताना अडले, तर माझ्या चर्चा पानावर अवश्य लिहा.’ या शेऱ्यात नियम तसूभरही सैल केलेला नाही. काय राहिले, काय गेले, का गेले आणि आता काय करायचे, हे त्या माणसाला कळते. शिवाय आपल्या हातचे एक वाक्य ज्ञानकोशात टिकलेले त्याला दिसते. हे दिसणे मला फार मोलाचे वाटते. माझ्या पहिल्या लेखातील तीन परिच्छेदांपैकी एका ज्येष्ठ सदस्याने केवळ चार ओळी शिल्लक ठेवल्या होत्या, पण त्या का ठेवल्या हे त्यांनी चर्चा पानावर लिहिले होते. त्या चार ओळींसाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो.

स्वागताचा साचा लावण्यास हरकत नाही. मात्र त्याखाली त्या व्यक्तीच्या लेखनाविषयी एक तरी वाक्य स्वतः लिहून सही करावी. लेख अर्धाकच्चा असेल तर तो पुसण्याऐवजी सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, हलवावा आणि तसे त्याला कळवावे. प्रताधिकाराच्या बाबतीत मात्र सवलत नको. वृत्तपत्रातून किंवा पुस्तकातून उतरवलेला मजकूर तत्काळ काढलाच पाहिजे. तरीही नवागताने तो बहुधा चोरीच्या हेतूने आणलेला नसतो. शाळेत उतारे उतरवून काढण्याची सवय आपणच लावलेली असते. म्हणून ‘मजकूर चोरला’ असे न लिहिता ‘हीच माहिती आपल्या शब्दांत लिहून मूळ स्रोताचा संदर्भ द्या’ असे लिहावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, विकिपीडिया कार्यशाळा घेणार आहोत. गेल्या वर्षी अर्ध्या विद्यार्थ्यांची खातीच उघडली नाहीत आणि मुले हिरमुसून गेली. काय चुकले असावे?
– एक प्राध्यापक, अहिल्यानगर

उत्तर : एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, एका दिवसात सहाच खाती उघडता येतात, आणि महाविद्यालयाचे सारे संगणक बाहेर बहुधा एकाच पत्त्याने ओळखले जातात. विद्यार्थ्यांना आदल्या आठवड्यात घरून खाती उघडून येण्यास सांगावे, किंवा प्रचालकांना (विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना) आधी कळवून सवलत मागावी. कार्यशाळेची तारीख आणि विषय चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, आठवडाभर आधी नोंदवावेत, म्हणजे एकाच दुपारी आलेले चाळीस नवे लेख पाहून जुने सदस्य बिचकणार नाहीत. नवीन लेखाचा हट्टही त्या दिवशी धरू नये. प्रत्येकाने अस्तित्वात असलेल्या एका लेखात संदर्भासह एक वाक्य घालावे, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर कोणी तरी नाव घेऊन उत्तर द्यावे, एवढी तजवीज आधीच करून ठेवावी. त्यासाठी दोन-तीन अनुभवी सदस्य त्या दिवशी मोकळे आहेत का, हे आजच विचारावे.