इंग्लंडच्या खेड्यांत आपल्यासारखी ‘गावकी’ कधी होती का? आज कुठे दिसते का?

होती, आणि निदान एका गावात अजून चालते. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन. नॉटिंगहॅमला राहत होतो तेव्हा मी तिथे दोनदा जाऊन आलो.

गावाबाहेर पडलात की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की शिवारात बांधच नाहीत. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन अवाढव्य रानं, आणि प्रत्येकात वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी बदलते. ‘माझी पट्टी, मी हवं ते पेरीन’ म्हणायची सोय नाही.

पूर्वी इंग्लंडच्या बऱ्याच भागात अशीच शेती होती. पुढे, विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, जमिनी एकत्र करून कुंपणं घातली गेली. लॅक्स्टन वाचलं. शहाणपणामुळे म्हणाल तर तसं नाही. गावातल्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही, हे एक कारण सांगतात.

आता गावकी. नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नव्या गव्हाच्या रानात जातात. हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि कुणी सामाईक गवती वाटेत नांगर घातलाय का, ते पाहतात. बांध कोरायची खोड जगभर सारखीच! मग डव्हकोट इन या पबमध्ये जेवण. पुढे ‘कोर्ट लीट’, म्हणजे गावचं जुन्या पद्धतीचं न्यायालय, बसतं, तिथे दंड आणि पुढच्या वर्षाचे पंच ठरतात. दंड किरकोळ असतो, पण चारचौघांत नाव निघतं ना!

1635 साली मार्क पिअर्सने काढलेल्या नकाशात इथली पट्टीन् पट्टी दाखवलेली आहे. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मला एक गोष्ट मात्र खटकली. पंच गावचे, पण शेतकरी बहुतेक कुळंच. जमीन 1952 मध्ये कृषी मंत्रालयाने घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे. मालक बदलले, खुंट्या ठोकणारे तेच राहिले.

जाणार असाल तर गमबूट न्या. नोव्हेंबरात तिथला चिखल आपल्या काळ्या रानासारखाच पाय सोडत नाही.