भाकरी सोडल्याने किडनी जाते का?

“भाकरी-भात बंद केल्यापासून यांची साखर छान आहे. पण सगळे म्हणतात, किडनी जाईल. खरं का हो?” काकूंनी फाइल पुढे केली. काका ५४ वर्षांचे, वजन ६८ किलो, मधुमेहाला ९ वर्षं झालेली.

रक्तातलं क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ८०. एवढ्यावर किडनी ठणठणीत वाटते. पण लघवीतलं एसीआर (अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) ११० होतं. ते ३० च्या आत हवं. म्हणजे किडनीतून प्रथिनं गळायला लागली होती. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दमछाक करणारा व्यायाम यांनीही हा आकडा चढतो. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना पुन्हा द्यायला सांगितला. तोही वाढलेलाच आला.

मग ताट मोजलं. सकाळी ४ अंडी, दुपारी २०० ग्रॅम पनीर, संध्याकाळी एक स्कूप प्रोटीन पावडर आणि मूठभर शेंगदाणे, रात्री २०० ग्रॅम चिकन. प्रथिनं झाली सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.९. अशा किडनीला किलोमागे ०.८, म्हणजे काकांसाठी ५५ ग्रॅमच्या आसपास पुरतात. भाकरी गेल्याचा त्रास किडनीला नव्हता; भाकरीच्या जागी जे आलं त्याचा होता.

पावडर पहिल्यांदा बंद. नवं ताट असं: सकाळी २ अंडी. दुपारी ३० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, ताक. मधे २० ग्रॅम शेंगदाणे, एक पेरू. रात्री तशीच एक भाकरी, भाजी आणि ६५ ग्रॅम पनीर. कर्बोदकं १०० ते ११० ग्रॅम, म्हणजे लो-कार्ब राहिलंच. रक्तातलं पोटॅशियम ४.४, म्हणजे ठीक असल्याने भाज्या उकळून पाणी फेकायची गरज नव्हती. लो-सोडियम मीठ मात्र काढायला लावलं: त्यात पोटॅशियम असतं, आणि काका घेत होते ती रक्तदाबाची टेल्मिसार्टन गोळीही पोटॅशियम वाढवू शकते.

खरी घाई होती ती गोळ्यांची. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडचा डोस जुन्या जेवणाचाच राहिला होता. दुपारी चारला घाम सुटून साखर ६४ झाली होती. डॉक्टरांनी तो त्याच दिवशी कमी केला. जोडीला मधुमेहाचंच डापाग्लिफ्लोझिन होतं. हे औषध किडनीच्या भल्याचं, पण कर्बोदकं फार तोडली की साखर १८० असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ‘साखर बरी आहे’ म्हणून घरी थांबायचं नाही, हे काकूंना दोनदा सांगितलं. उपास किंवा जुलाब-उलट्या असतील तेव्हा ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी एसीआर ७२. श्रेय एकट्या ताटाचं नाही; रक्तदाबही १५० वरून १२८ वर आला होता.

“मग भात कधीच नाही?” काकांनी विचारलं. ज्या दिवशी भात, त्या दिवशी रात्रीची भाकरी नाही. शिजलेला ८० ग्रॅम, वाटीत सपाट. आमटीसाठी वर खळगं करण्याइतका ढीग नाही.