टीपॉयमध्ये चहा नाही

प्रश्न असा आला आहे: “टीपॉय म्हणजे चहा ठेवायचं टेबल, म्हणून ‘टी’. मग ‘पॉय’ म्हणजे काय? ‘टि’ ऱ्हस्व लिहायची की दीर्घ? आणि मराठीत ‘चहाचौरंग’ म्हटलं तर चालेल का?”

नाही चालणार. पहिलं वाक्यच चुकलं आहे आणि बाकीचं सगळं त्या चुकीवर उभं आहे. हे ‘टी म्हणजे चहा’ प्रकरण मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता सहन होत नाही. फर्निचरच्या काही दुकानांत तर गाडी ‘टीपॉट’वर जाऊन पोचली आहे. सोफ्यासमोर किटली मांडायची आहे का?

मूळ शब्द तिपाई. तीन पायांची ती तिपाई. चार पायांच्या चारपाईचं साहेबानं ‘चारपॉय’ केलं, त्याच चालीवर तिपाईचं ‘टीपॉय’. म्हणजे शब्द इथूनच गेला आणि साहेबाच्या तोंडून परत आला. परतीची खूण पहिल्याच अक्षरावर आहे: जाताना त, येताना ट. आपला दंत्य त इंग्रजाच्या जिभेवर बसत नाही. तो जे म्हणतो ते आपल्याला ट ऐकू येतं.

पण साहेबाला त्यात चहा का दिसला? माझं उत्तर असं, की त्याच्या घरात तीन पाय आणि चहा यांची जोडी आधीच जमलेली होती. अठराव्या शतकातल्या सुखवस्तू इंग्रज घरात चहाचं टेबल म्हणजे वर गोल फळी, मध्ये एकच खांब आणि खाली तीन वळणदार पाय. लाकूड महोगनी. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात १७२१ च्या कायद्यानं उठली आणि जमैकाची महोगनी इंग्लंडात येऊ लागली. काम झालं की फळी बिजागरीवर उभी करायची आणि टेबल भिंतीला लावून ठेवायचं. तेव्हा त्या फळीवरच्या लाकडाच्या रेषा पाहुण्यांना दिसत, आणि दिसाव्यात हाच हेतू असे. चहा नोकरानं ओतायचा नाही, घरच्या बाईनं स्वतः ओतायचा. चहापत्तीच्या डबीला कुलूप असे आणि किल्ली तिच्या ताब्यात. (त्या डबीला इंग्रजीत ‘कॅडी’ म्हणतात. तो शब्द मलय ‘काटी’वरून आला, आणि काटी म्हणजे साधारण ६०० ग्रॅमचं वजन. चहाच्या सरंजामातले शब्दही जहाजानंच आलेले.) चहावर कर इतका होता की १७८४ मध्ये तो ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणावा लागला. घराण्याची ऐपत, बाईचा अधिकार, दर्यापारचा व्यापार, सगळं त्या तीन पायांवर मांडलेलं असे. अशा घरातून आलेल्या माणसानं ‘तिपाई’ ऐकल्यावर त्याला ‘टी’ ऐकू येणारच.

खरी मौज पुढे आहे. हा शब्द इंग्लंडात पोचला तेव्हा तिथल्या कारागिरांनी विचार केला, नावात चहा आहे तर वस्तूतही हवा. मग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टीपॉय नावाची एक वेगळीच वस्तू बनू लागली: खांबावर बसवलेली पेटी, वर झाकण, झाकणाला कुलूप, आत चहाच्या डब्या आणि दोन जातींची पत्ती मिसळायला काचेची वाडगी. कुलूप इथेही राहिलंच, आणि ते आता ऐटीचंही होतं. चुकीच्या व्युत्पत्तीमुळे एखादा शब्द बिघडतो हे आपण रोज पाहतो. इथे तर तिनं सुतारांकडून नवं फर्निचर करवून घेतलं! शब्दांच्या इतिहासात यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

ही चूक यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या कोशात स्पष्ट दाखवली आहे. तेवढ्यापुरतं त्यांचं ऋण मान्य. पण पुढे ते म्हणतात की तिपाई हा शब्दही बहुधा कुणा युरोपियनानंच चारपाईवरून बेतला असावा. त्यांच्या मते शुद्ध फारसी शब्द ‘सिपाया’ (तीन पायांचा), पण त्याचा ‘सिपाई’शी, म्हणजे शिपायाशी, घोटाळा नको म्हणून कदाचित तो टाळला असेल. हे मला बिलकूल मान्य नाही. साहेबांच्या खुर्च्या-टेबलं काही सगळी विलायतेहून येत नव्हती. विशाखापट्टणमचे कारागीर इंग्रजी नमुन्यांबरहुकूम हस्तिदंताची जडावाची कामं करून देत होते. अशा सुतारांच्या देशात तीन पायांच्या घडवंचीला नाव नव्हतं आणि ते साहेबानं येऊन दिलं, असं मानायचं?

आणि त्यांच्या त्या नोंदीत मराठी ‘तिवई’ नाही. माझा सगळा पुरावा तीच आहे. दोन स्वरांमधला प प्राकृतात व होतो: दीप–दिवा, ताप–ताव, कपाट–कवाड. त्याच वाटेनं त्रिपदीची तिवई झाली. हा बदल व्हायला शतकं लागतात. कंपनीच्या कारकुनाच्या टेबलावर तो होत नाही. अजून पक्का दाखला हवा असेल तर ‘सव्वा’ घ्या. सपाद म्हणजे पादासह, एक चतुर्थांशासह, सपादचा सव्वा. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे पाव. पादोन म्हणजे पावानं उणा, तो पाऊण. सव्वामध्ये पादाच्या प चा व झाला, तिवईतही तेच झालं. सव्वा वाजता तुम्ही ज्या पायावर उभे असता तोच पाय टीपॉयच्या खाली आहे! ग्रीक ‘पोद’ही याच कुळातला, म्हणून फोटोग्राफरचा ट्रायपॉड तिवईचा दूरचा भाऊ लागतो.

तीनच पाय का, हेही सांगायला हवं. शेणानं सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर चार पायांचं काहीही डुगडुगतं, तीन पायांचं नाही. तीन टेकू नेहमी एका पातळीत बसतात. माठाखालची तिवई, देवघरात शंखाखालची आणि पंगतीत ताटाखालची अडणी, सगळ्या तीन पायांच्या आहेत त्या याच कारणानं.

आता कुणी म्हणेल, आमच्या टीपॉयला चार पाय आहेत आणि वर काच आहे. असू देत. हॉब्सन-जॉब्सनच्या काळीही हिंदुस्थानात कुठल्याही लहान टेबलाला, पाय कितीही असोत, टीपॉय म्हणतच होते. पण ‘चहाचौरंग’ नको. मुळात नसलेला चहा त्यात घालायचा आणि असलेल्या तीन पायांचे ‘चौ’ करायचे, एका शब्दात दोन चुका कशाला? टीपॉय म्हणायचं नसेल तर तिवई म्हणा.