टेक्स्ट एडिटरच्या स्क्रिप्टिंगसाठी स्टँडर्ड लायब्ररी लिहायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारले आहे की, स्वतः लिहीत असलेल्या छोट्या टेक्स्ट एडिटरमध्ये लुआ ही स्क्रिप्टिंगची छोटी भाषा बसवून झाली आहे, सी भाषेतली मूळ फंक्शने प्लगइन (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांना खुली करून दिली आहेत, तर आता त्यांवर एक स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे सर्वांना वापरता येईल असा तयार फंक्शनांचा संच, लिहावी की ते काम प्लगइन लिहिणाऱ्यांवरच सोडावे, आणि लिहायचीच झाली तर आधी काय घ्यावे. मी बरीच वर्षे व्हिम या एडिटरसाठी आणि अलीकडे त्यातूनच निघालेल्या निओव्हिमसाठी लहानसहान प्लगइन लिहीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की लायब्ररी जरूर लिहा, मात्र याद्या गाळणे, जोडणे, उलटणे अशा फंक्शनांपासून सुरुवात करू नका. ती फंक्शने लिहायला सोपी असतात म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. एडिटरच्या लायब्ररीचा खरा कस मजकुराच्या मोजमापात लागतो.

काम प्लगइन लिहिणाऱ्यांवर सोडल्यास काय होते, ते आधी पाहू. लुआची स्वतःची लायब्ररी मुद्दाम आटोपशीर ठेवलेली आहे. स्ट्रिंग एखाद्या चिन्हावर तोडणारे किंवा तिच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणारे तयार फंक्शनसुद्धा तिच्यात नाही. तुम्ही ते दिले नाही तर प्रत्येक प्लगइनमध्ये त्याची घरगुती आवृत्ती जन्माला येईल, आणि रिकामी स्ट्रिंग दिल्यावर काय परत करायचे याबद्दल त्यांतल्या कोणत्याही दोन आवृत्त्यांचे एकमत असणार नाही. व्हिमस्क्रिप्टच्या, म्हणजे व्हिमच्या स्वतःच्या भाषेच्या, जगात हे दीर्घकाळ चालले, आणि शेवटी जपानमधल्या व्हिम वापरणाऱ्यांच्या समूहाने व्हायटल नावाची लायब्ररी बांधली. एका प्लगइनने दुसऱ्याची ठरावीक आवृत्ती मागवण्याची सोय व्हिममध्ये नसल्यामुळे व्हायटल तुम्हाला हवी असलेली मॉड्यूल तुमच्याच प्लगइनच्या फोल्डरमध्ये, त्याच्याच नावाखाली नकलून देते. एकाच संगणकावर पाच प्लगइनमध्ये पाच प्रती पडून राहतात हे खरे, पण एकाने आवृत्ती बदलली म्हणून दुसरे मोडत नाही. तुम्ही एडिटरचेच कर्ते असल्यामुळे तुम्हाला हा खटाटोप करावा लागणार नाही. लायब्ररी एडिटरबरोबरच येईल.

आता मोजमापाकडे येतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तो ३० बाइटांचा आहे आणि लुआचे लांबी सांगणारे चिन्ह ३० हेच उत्तर देते. युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजले तर १० भरतात, कारण वेलांट्या, काना आणि हलन्त हे सगळे स्वतंत्र कोडपॉइंट आहेत. व्हिममधले ही जोडून येणारी चिन्हे वगळून मोजणारे फंक्शन ५ सांगते. वाचणाऱ्याला मात्र वि, द्या, र्थी अशी ३ अक्षरे दिसतात, आणि युनिकोडच्या मजकूर-विभागणीच्या नियमांमध्ये देवनागरीतील जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आली. ही चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. फाइलमध्ये लिहिताना बाइट लागतात, कर्सर हलवताना अक्षरे लागतात, आणि पडद्यावर ओळ मोडताना याखेरीज पाचवेच माप लागते, ते म्हणजे रकान्यांची रुंदी. म्हणून ‘लांबी’ या एकाच नावाचे फंक्शन देऊ नका. बाइट, कोडपॉइंट, अक्षरे आणि रुंदी अशी निरनिराळ्या नावांची फंक्शने द्या, म्हणजे आपण काय मोजतो आहोत याचा निर्णय लिहिणाऱ्याला घ्यावाच लागेल.

ही शिकवण मला माझ्याच चुकीतून मिळाली. चालू लेखाचे शीर्षक खालच्या पट्टीत दाखवण्यासाठी मी एक छोटे प्लगइन लिहिले होते आणि शीर्षक लांब असल्यास ते ४० वर कापत होतो. इंग्रजी शीर्षकांवर ते महिनोन् महिने नीट चालले. मग एक लांबलचक सामासिक शब्द शीर्षकाच्या आरंभी आला आणि पट्टीच्या टोकाला कोनी कंसात एक निरर्थक आकडा उमटला. देवनागरीचे १३ कोडपॉइंट म्हणजे ३९ बाइट. चाळिसावा बाइट हा चौदाव्या चिन्हाचा पहिला तुकडा होता आणि मी तो तेवढाच उचलला होता. लुआच्या ५.३ या आवृत्तीपासून युटीएफ-८ साठी एक छोटे मॉड्यूल मिळते, परंतु ते कोडपॉइंटपर्यंतच पोहोचते, आणि तुम्ही लुआजिट ही लुआची वेगवान आवृत्ती वापरत असाल तर तेही मिळत नाही, कारण लुआजिट ५.१ शी सुसंगत आहे. (शोध घेणाऱ्या फंक्शनबद्दल एक जाता जाता: ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कळफलक ऱ वापरून लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी ते एक होत नाहीत.)

मोजमापाला लागूनच स्थानाचा प्रश्न येतो. निओव्हिममध्ये बफरमधल्या (उघडलेल्या मजकुरातल्या) ओळी देणारे फंक्शन ० पासून मोजते. कर्सरचे स्थान देणारे फंक्शन ओळ १ पासून आणि स्तंभ ० पासून सांगते. व्हिमकडून वारशाने आलेली जुनी फंक्शने दोन्ही १ पासून मोजतात. त्यात भाषा-सर्व्हरशी (कोड तपासून एडिटरला सूचना देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमशी) बोलायचे झाले तर तिथले स्तंभ मुळात युटीएफ-१६ या दुसऱ्याच पद्धतीच्या एककांत असतात. प्रत्येक निर्णयामागे इतिहास आहे, पण नव्याने लिहिणाऱ्याचे दिवस यातच जातात. तुमच्याकडे अजून इतिहास नाही, तेव्हा एकच पद्धत ठरवा आणि रूपांतराची फंक्शने लायब्ररीत ठेवा.

दुसरी गोष्ट वापरणाऱ्याच्या सेटिंगची. व्हिमस्क्रिप्टमध्ये दोन स्ट्रिंग == ने ताडून पाहिल्या, तर लहान-मोठ्या लिपीचा भेद धरायचा की नाही हे वापरणाऱ्याच्या शोधाच्या पसंतीवर ठरत असे, म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे लोक सगळीकडे ==# वापरत. याद्यांतली पुनरुक्ती काढणारे एखादे निरुपद्रवी फंक्शन त्यामुळे माझ्या यंत्रावर एक उत्तर देई आणि दुसऱ्याच्या यंत्रावर दुसरे. २०२२ मध्ये आलेल्या व्हिम ९ च्या नव्या स्क्रिप्टमध्ये ही खोड काढून टाकली गेली. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये वेगळ्या प्रकारची गळती आहे: शेवटच्या शोधात काय सापडले त्याची नोंद एकाच सामाईक जागी राहते, आणि तुम्ही मध्येच बोलावलेल्या साध्या छाटणीच्या फंक्शनने आत स्वतःचा शोध घेतला तर तुमची नोंद पुसली जाते. तुमच्या लायब्ररीतले कोणतेही फंक्शन सेटिंग वाचणार असेल तर ते त्याच्या नावातून किंवा मागितलेल्या पॅरामीटरमधून दिसले पाहिजे.

डिफॉल्टसुद्धा जपून निवडा. निओव्हिमचे स्ट्रिंग तोडणारे फंक्शन विभाजकाला लुआचा पॅटर्न (शोधायच्या मजकुराचा नमुना) समजते, आणि पॅटर्नमध्ये टिंबाचा अर्थ ‘कोणतेही चिन्ह’ असा होतो. फाइलचे नाव टिंबावर तोडायला गेलात तर हाती रिकाम्या स्ट्रिंगांची माळ येते. साधा मजकूर समजावा, असा पर्याय वेगळा द्यावा लागतो. मला हे उलट असायला हवे होते असे वाटते.

नावांबाबत ईमॅक्सचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे नावांसाठी वेगळे कप्पे नाहीत, आणि कॉमन लिस्प या भाषेतली सोयीची फंक्शने देणारे जुने पॅकेज उपसर्गाविना नावे पसरवत असल्यामुळे ते चालत्या प्रोग्रॅममध्ये लोड करू नये असा दंडक होता. उपसर्ग लावलेली नवी आवृत्ती २०१३ मध्ये ईमॅक्स २४.३ बरोबर आली, तर जुने पॅकेज कालबाह्य म्हणून जाहीर व्हायला २०२० मधली २७.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. निओव्हिमनेही २०२४ मधल्या ०.१० मध्ये याद्यांची काही फंक्शने मोडीत काढून त्यांच्या जागी साखळीने चालणारे एक नवे मॉड्यूल आणले, आणि माझ्या प्लगइनमध्ये इशाऱ्यांची रांग लागली. एकदा दिलेले फंक्शन परत घेणे असे महाग पडते.

बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याचे फंक्शन मात्र पहिल्याच आवृत्तीत द्या आणि ते पार्श्वभूमीत चालणारे असू द्या, नाहीतर लोक लुआचे मूळ फंक्शन वापरतील आणि तो प्रोग्रॅम संपेपर्यंत तुमचा एडिटर गोठून बसेल.

पहिल्या आवृत्तीत पंचवीस-तीस फंक्शने पुरेत. ती घेऊन स्वतःच दोन प्लगइन लिहा, एक ओळी मोडणारे आणि एक शोधून बदलणारे; त्यांत जे मदतीचे फंक्शन दोन्हीकडे लिहावे लागले तेवढेच लायब्ररीत हलवा. चाचण्यांच्या फाइलमध्ये ‘विद्यार्थी’, ‘दऱ्या’, एखादे इमोजी आणि एक रिकामी ओळ पहिल्या दिवसापासून असू द्या, कारण नुसत्या इंग्रजी शब्दांवर घेतलेल्या चाचणीत बाइट, कोडपॉइंट, अक्षर आणि रुंदी या चौघांचे उत्तर एकच येते.